आधी श्वास मोजा

औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना वाटेत शिरड शहापूर लागतं. लांबचे लोक इथे जैन तीर्थंकर मल्लिनाथ भगवानांच्या दर्शनाला येतात. जवळपासच्यांना हे गाव हळदीच्या पट्ट्यातलं म्हणून माहीत. फेब्रुवारी उजाडला की हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, हे एप्रिलपर्यंत चालतं. कुकरखालच्या जाळाचा धूर आणि ढोलात हळद फिरताना उडणारी पिवळी भुकटी घराघरात शिरते. त्या दिवसांत माणसंच इतकी खोकतात की अंगणातल्या कुत्र्याच्या खोकल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खोकला जुना होतो तो असाच.

खालचा वाद याच गावातल्या एका घरातला. जिमी पांढरा, केसाळ, दहा वर्षांचा. घरचे त्याला पॉमेरेनियन म्हणतात. आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकली जाणारी बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ असतात, तसाच हाही. दिवाळीपासून तो खोकतो आहे. मामा पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी गाई-म्हशी आणि बैलांत गेली. भाची डी. फार्मसी करून गावातच मेडिकल चालवते. जिमीवर दोघांचाही जीव आहे. माझा कल भाचीकडे आहे, हे आधीच सांगते. पण मामांच्या एक-दोन बोलण्यांना तिच्यापाशीही पुरतं उत्तर नव्हतं, आणि ती बोलणी गाळली तर हा वाद खरा राहणार नाही.

मामा : दहा वर्षांचं कुत्रं म्हणजे साठीच्या घरातलं माणूस. खोकणारच. एक डेक्सा टोचू, चार दिवस गप पडंल. एवढ्यासाठी परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात कशाला न्यायचं?

भाची : संक्रांतीला तेच टोचलं होतं ना, मामा? खोकला थांबला आणि परत दुप्पट जोरानं सुरू झाला. मधल्या दिवसांत पाण्याचं भांडं कोरडं करायचा आणि रात्रभर बाहेर सोडा म्हणून दार खरवडायचा.

मामा : पण थांबला होता.

भाची : स्टिरॉइड आहे ते. सूज उतरली म्हणून थांबला. सूज कुठं होती, कशानं आली, ते आपल्याला कुठं कळलं? श्वासनलिका सुजली असेल तर त्यानं बरं वाटतं. पण फुफ्फुसात जंतू असतील तर वरून शांत दिसतं आणि आतून वाढतं. आणि हृदय थकलेलं असेल तर स्टिरॉइडनं अंगात पाणी धरतं, त्याचा भार त्याच हृदयावर पडतो. माझ्या काउंटरवर रोज कुणीतरी येतं, 'कुत्र्याच्या खोकल्याचं द्या' म्हणतं. मी विचारते, कुठल्या खोकल्याचं?

मामा : मला नको शिकवू. बैल खोकला की मी आधी थर्मामीटर लावायचो, नाक बघायचो, रवंथ करतो का बघायचो, बरगडीवर कान लावून ऐकायचो. इंजेक्शन त्याच्यानंतर. कुत्र्यात काय बघायचं तेवढं सांग.

भाची : रवंथ सोडलं तर तेच सगळं. शिवाय खोकला कधी येतो ते बघायचं. जिमी कधी खोकतो? दारात कुणी आलं की, साखळी ताणली की, घाईनं पाणी प्यायला की. आवाज कोरडा, बदक ओरडल्यासारखा. शेवटी घशाशी ओकारी येते आणि बाहेर पडतो थोडासा पांढरा फेस. आपल्याला वाटतं उलटी झाली, म्हणून आपण पोटाचं औषध देतो.

मामा : हाडूक अडकलंय असं वाटतं खरं.

भाची : बऱ्याच जणांना तसंच वाटतं. घशात बोटं घालतात, केळं चारतात. लहान जातीच्या कुत्र्याची श्वासनलिका म्हणजे कूर्चेच्या कड्यांची नळी. या कड्या पूर्ण गोल नसतात. वरच्या बाजूला फट असते आणि ती पातळ पडद्यानं जोडलेली असते. वयानं कड्या मऊ पडतात, पडदा सैल होतो, नळी चपटी होते. मानेतला भाग श्वास आत ओढताना दबतो, छातीतला भाग खोकताना दबतो. खोकला आला की आतलं अस्तर घासतं, ते सुजलं की पुन्हा खोकला येतो. याच्या चार श्रेणी लावतात : पाव दबलेली, अर्धी, पाऊण आणि जवळजवळ बंद.

मामा : म्हणजे जिमीला हेच झालंय. कशाला हवा मग एक्स-रे?

भाची : तसं वाटतंय, एवढंच मी म्हणते. ज्या जातींत ही नळी मऊ पडते, त्याच लहान जातींत म्हातारपणी हृदयाची झडपही गळते. डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते, नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं. हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगतो आणि त्याच्याच वर असलेल्या श्वासवाहिनीला रेटतो. खोकला तिथूनही येतो. दोन्ही एकाच कुत्र्यात असू शकतात. नुसत्या आवाजावरून मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही नाही.

इथे मामा गप्प झाले आणि मग त्यांनी जे विचारलं, ते प्रत्येक कुत्रं पाळणाऱ्यानं विचारायला हवं. घरात, कुठलंही यंत्र नसताना, हृदय कमी पडतंय का हे ओळखायचं कसं? भाचीनं उत्तर देण्याऐवजी मामांच्या हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. जिमी बाजेखाली झोपला होता. दोघं फरशीवर बसले. छाती वर गेली आणि खाली आली म्हणजे एक श्वास. अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. मामांनी पहिल्यांदा वर जाणं एक आणि खाली येणं एक असं धरलं, त्यामुळे आकडा पन्नासाच्या वर गेला आणि त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा मोजलं तेव्हा सव्वीस आले.

मामा : सव्वीस म्हणजे काय समजायचं?

भाची : गाढ झोपेतल्या कुत्र्याचे मिनिटाला तीसच्या आत असावेत. बहुतेकांचे वीसच्या आसपास असतात. तीसच्या वर गेले तर थोड्या वेळानं परत मोजायचे, कारण स्वप्नात कुत्रं पळतं तेव्हा श्वास वाढतोच. परत तेवढेच आले, किंवा रोज चढत गेले, तर डॉक्टरांना फोन. चाळीसच्या वर आणि पोट आत ओढत श्वास घेत असेल तर त्याच दिवशी जायचं, सकाळची वाट बघायची नाही.

मामा : खोकला वाढला की जायचं म्हण ना सरळ.

भाची : खोकला फसवतो. मऊ नळीचं कुत्रं दिवसभर खोकतं आणि वर्षानुवर्षं जगतं. हृदयामुळे फुफ्फुसात पाणी भरायला लागलं की कधी कधी खोकला फारसा नसतो, पण झोपेतला श्वास आधी वाढतो. म्हणून ही वही. रोज रात्री तारीख, श्वास, आणि दिवसभरात किती वेळा खोकला. तुम्ही लिहायचं. माझं दुकान नऊला बंद होतं.

मामा : सरकारी रजिस्टर आयुष्यभर भरलं, हेही भरतो.

मला या दृश्याचं महत्त्व फार वाटतं. खेड्यात पशुवैद्यक रोज हाताशी नसतो. असला तरी त्याचा दिवस गाभण म्हशी, लसीकरण आणि टॅगिंगमध्ये जातो. कुत्र्याच्या छातीवर रोज नजर ठेवणारं माणूस घरातलंच असावं लागतं. शिवाय दवाखान्यात गेलं की कुत्रं भीतीनं धापा टाकतं, तिथे मोजलेल्या श्वासाला अर्थ उरत नाही, आणि खोकला तर नेमका तिथे येतच नाही. घरच्या वहीतले आकडे आणि मोबाइलवर काढलेला खोकल्याचा व्हिडिओ, एवढं नेलं तरी डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं.

मामा : बरं, मोजत बसतो. तोवर घरचं काहीतरी देऊ. अडुळसा आहे परसात. हळद तर मोक्कार. गुळात कालवून दिली की घसा सुटतो.

भाची : चिमूटभर हळदीनं बिघडत नाही, पण त्यानं नळीच्या कड्या घट्ट होत नाहीत. गूळ मात्र नको, तो आधीच जाड झालाय. आणि माझ्या दुकानातलं माणसाचं कफ सिरप अजिबात नको. त्यात कशात काय असेल ते लोक वाचत नाहीत. काहीत पॅरासिटामॉल, काहीत नाक मोकळं करणारं औषध, त्यानं कुत्र्याचं हृदय धडधडतं. काही शुगर-फ्री सिरपांत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे; रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. आयबुप्रोफेनची गोळी तर पोटात जखमा करते, मूत्रपिंड बिघडवते.

मामा : आणि दम मोकळा करणारी ती डेरिफायलिन? ती तर आमच्याकडे देतात.

भाची : डॉक्टर वजन बघून देतात. आपण अंदाजानं दिली तर कुत्रं रात्रभर फिरत राहतं, ओकतं, छाती उडते. खोकला दाबणारी औषधंही तशीच. कोरड्या, खरडणाऱ्या खोकल्यात ती खरंच उपयोगी, कारण खोकलाच खोकल्याला वाढवतो. पण आत कफ असेल तर तो बाहेर पडण्याची वाट आपणच बंद करतो.

मामा : म्हणजे तुझ्या दुकानात त्याच्यासाठी काहीच नाही.

भाची : आहे की. नेब्युलायझर. करोनात घरोघरी घेतलेली यंत्रं कपाटात पडून आहेत. साध्या सलाइनची वाफ पंधरा मिनिटं, तीही तो घाबरत नसेल तर. पुढे डॉक्टर म्हणाले तर दम्याच्या पेशंटला देतात तसा पंप, मास्क आणि स्पेसर लावून. त्यातलं स्टिरॉइड बहुतेक फुफ्फुसातच राहतं, म्हणून गोळीसारखी तहान-भूक वाढत नाही. गुण यायला मात्र दोन-एक आठवडे लागतात.

यानंतरचं भांडण सगळ्यात मोठं झालं, आणि ते औषधांवरून झालंच नाही. संध्याकाळी मामा गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतात. डास आणि माश्या जातात, गुरं शांत उभी राहतात. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. गोठ्याच्या भिंतीला लागूनच जिमीचं पोतं. रात्री पडवीत डासांची कॉइल, सकाळी देवापुढे धूप, आणि सध्या शेजारच्या वाड्यात हळदीचा ढोल.

भाची : धूर बंद करा.

मामा : गुरांचं काय? कासेला माश्या बसल्या तर म्हैस लाथ मारते, धार काढू देत नाही. कुत्र्यापायी मी म्हशी सोडू का?

भाची : म्हशी सोडू नका. जिमीला सोडा तिथून.

मामा : तो तिथं राखणीला असतो.

भाची : राखण करतो तो? कुणी आलं की उठून दोनदा भुंकतो आणि खोकून खाली बसतो. त्याची श्वासनलिका जेमतेम तुमच्या करंगळीएवढी रुंद. आपल्याला ज्या धुरानं डोळ्यांत पाणी येतं, तो धूर जमिनीलगत झोपलेल्या त्याला रात्रभर. जिथे श्वासवाहिन्या आधीच सुजलेल्या आहेत तिथे कितीही गोळ्या दिल्या तरी धूर तेवढाच सुजवतो. दोन महिन्यांच्या वर रोज खोकला आणि दुसरं कारण सापडत नाही, त्याला जुना ब्राँकायटिस म्हणतात. त्यात पहिली पायरी हीच, हवा बदलायची. पुढच्या खोलीत घ्या त्याला. तिथे कॉइल नको, मच्छरदाणी लावू. ढोल चालू असेल तेव्हा वाऱ्याच्या बाजूची खिडकी बंद. आणि कूलरच्या गवती पट्ट्या बदला, मागच्या वर्षीच्याच आहेत, त्यांना बुरशीचा वास येतो.

मामांनी त्या दिवशी काही कबूल केलं नाही. पोतं मात्र दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत होतं.

साखळीचा प्रश्न लवकर मिटला. गळ्यातला पट्टा नेमका त्या मऊ नळीवर आवळतो, म्हणून छातीला बांधायचा पट्टा आणायचं ठरलं; परवान्याचा बिल्ला त्यालाच अडकवता येतो. वजनाचं मात्र लवकर मिटलं नाही. दुकानाच्या काट्यावर मामा जिमीला उचलून उभे राहिले, मग एकटे उभे राहिले, आणि वजाबाकी केली. साडेअकरा किलो. पाच वर्षांपूर्वीच्या लसीच्या कार्डावर साडेआठ लिहिलेलं होतं.

मामा : खाता-पिता आहे. त्यात वाईट काय?

भाची : तीन किलो म्हणजे त्याच्या आधीच्या वजनाचा तिसरा हिस्सा. तुम्ही ऐंशी किलोचे. तुमच्या अंगावर अठ्ठावीस किलोचं पोतं बांधलं आणि पायऱ्या चढायला लावल्या तर? चरबी छातीच्या आत आणि पोटात साठते, फुफ्फुसाला पसरायला जागा राहत नाही. नळी मऊ असलेल्या कित्येक कुत्र्यांचा खोकला नुसतं वजन उतरलं तरी निम्म्यावर येतो. त्याला सकाळी दुधात चतकोर भाकरी, दुपारी तुमच्या ताटातला घास, चहाबरोबर पारले-जी. घरात तीन माणसं आणि तिघांनाही वाटतं आपणच एक घास देतो.

मामा : मागतो तो. डोळ्यांत बघून मागतो.

भाची : मग भोपळ्याची फोड द्या, गाजर द्या, काकडी द्या. पण घास मोजून. बरगडीवर हात फिरवला की हाडं हाताला लागली पाहिजेत, डोळ्यांना नाही दिसली तरी चालेल.

आता मामांची बाजू. ती मला या सगळ्या वादात सर्वांत वजनदार वाटली, कारण ती त्यांनी पुस्तकातून नव्हे, रस्त्यावरून आणली होती.

मामा : तू परभणीचं म्हणतेस. कॉलेज चांगलंच आहे, १९७२ पासूनचं. आमचे साहेब लोक तिथेच शिकले. एक्स-रे होईल, रक्त बघतील, सगळं होईल. पण एप्रिलात, दुपारी, जीपच्या मागं बांधून नेलेली जनावरं मी वाटेत मेलेली पाहिलीत. ज्याला श्वास पुरत नाही, त्याला तू बेचाळीस डिग्रीत गाडीत घालणार. तो घाबरणार, धापा टाकणार, नळी आणखी दबणार. आजारानं मरायचा तो उपचाराला नेताना मरंल. हे कुणासाठी? त्याच्यासाठी, का तुला बरं वाटावं म्हणून?

भाची : थोडं मला बरं वाटावं म्हणूनही. ते खोटं नाही.

मामा : मग?

भाची : म्हणून पहाटे जायचं. आज सव्वीस श्वास आहेत, अजून तो हिंडतो-फिरतो, म्हणून आत्ताच जायचं. तुम्ही जी मेलेली पाहिलीत, ती अगदी शेवटाला नेलेली. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची वाट म्हणजे धाप. नळी चपटी झाली की ती वाटच अरुंद. मे महिन्यात खोकल्याची कुत्री जातात ती बहुतेक उन्हानं जातात, खोकल्यानं नाही. आणि तिथे पोचल्यावर त्याला उताणा दाबून धरायचं नाही, हे मी डॉक्टरांना आधी सांगेन. धापत असेल तर आधी ऑक्सिजन, शांतता, मग फोटो.

मामा : फोटोत दिसलं नाही तर? नळी हलती असते म्हणतेस.

भाची : बरोबर, एका फोटोत सुटू शकते. म्हणून श्वास आत आणि बाहेर, असे दोन्ही काढायला सांगतात. पण त्याच फोटोत हृदय केवढं झालंय ते मोजता येतं. १९९५ मध्ये बुकॅनन आणि बुखेलर यांनी पद्धत काढली : हृदयाची लांबी आणि रुंदी कुत्र्याच्या स्वतःच्या मणक्यांवर ठेवून मोजायची. लहान कुत्रं असो की मोठं, साधारण पावणेदहा मणक्यांच्या आसपास बसतं. साडेदहाच्या वर गेलं आणि मर्मर, म्हणजे गळक्या झडपेचा आवाज, ऐकू येत असला, तर पुढची तपासणी.

मामा : आणि मग आयुष्यभराच्या गोळ्या.

भाची : हृदय मोठं झालं असेल तर. नुसता मर्मर आहे आणि हृदय मोठं नाही, तर गोळी नाही, फक्त लक्ष ठेवायचं. मोठं झालं असेल तर पिमोबेंडान. २०१६ मध्ये ३६० कुत्र्यांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. लक्षणं दिसायच्या आधीपासून ही गोळी दिलेल्या कुत्र्यांचं हृदय कोलमडायला सरासरी पंधरा महिने जास्त लागले. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने फार असतात, मामा. फुफ्फुसात पाणी आलं तर लॅसिक्स, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. त्याच्याबरोबर मूत्रपिंडाची रक्ततपासणी आणि समोर कायम भरलेलं पाण्याचं भांडं. गोळ्या रोजच्या, वेळेवर. ते मी करीन. मला गोळ्यांचंच काम येतं.

मामा : सगळं हृदय नि नळीच का? गोचीड बघितलीस का कानात? गोचीड तापानं रक्त आटतं, फुफ्फुस चांगलं असूनही जनावर धापतं. आणि हा शेणात तोंड घालतो. शेणकिडे खातात कुत्री, त्यातून अन्ननलिकेत गाठी धरणारा कृमी होतो. मी शवविच्छेदनात पाहिलाय.

भाची : हे मी विसरले होते. हिरड्या पांढऱ्या आहेत का तेही बघू. रक्त आणि शेंबूड-विष्ठा सगळं तिथेच तपासून घेऊ. हृदयात राहणारा, डासांमुळे पसरणारा कृमी ईशान्य भारतात जास्त, तरी रक्ताचा एक थेंब बघायला काय जातं?

मामांच्या अनुभवाला अशी जागा मिळाली की वाद पुढे सरकतो. नुसतं 'तुमचा जमाना गेला' म्हणून कुणाचंच कुत्रं बरं होत नाही.

मग गोष्ट जातींवर गेली. मामांचा त्यावर जुना राग आहे. त्यांच्या लहानपणी या भागात शिकारीला आणि राखणीला कारवानी कुत्री असत. लांब नाकाड, खोल छाती, उन्हात मैलभर पळाली तरी जीभ बाहेर काढून थोडं थांबायची आणि पुन्हा निघायची. मुधोळ हाऊंड म्हणून त्याच जातीचं पोस्टाचं तिकीट २००५ मध्ये निघालं. पण त्याच्या दोन वर्षं आधी, २००३ मध्ये, टीव्हीवर हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे चालणारा पग आला आणि हिंगोली-नांदेडपर्यंत लोक पग मागू लागले. चपट्या नाकाच्या कुत्र्याच्या नाकपुड्या चिरेएवढ्या, टाळू लांब, घसा भरलेला. झोपेत घोरतं ते लोकांना गोड वाटतं. मराठवाड्याच्या उन्हात ते घोरणं म्हणजे जनावर हवेसाठी झगडतं आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं विक्रीच्या पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर निर्बंध घातले, पण देशात आलेल्यांची पैदास चालूच आहे. या एका मुद्द्यावर मामा-भाचीत मतभेद नाही, आणि माझाही नाही. ज्याला आज कुत्रं आणायचं आहे त्यानं आधी त्याचं नाक बघावं.

शेवटचा प्रश्न मात्र सुटला नाही.

मामा : धर, सगळं केलं. वजन उतरलं, धूर थांबला, गोळ्या चालू. वर्षानं, दोन वर्षांनी एका रात्री तो बसूनच राहील. मान ताणून, कोपरं बाहेर काढून, तोंड उघडं, हिरड्या निळ्या. आडवं होता येणार नाही त्याला. तेव्हा काय करशील?

भाची : १९६२ या नंबरवर फोन लावीन. फिरता दवाखाना जवळ असेल तर येईल. नाहीतर गाडी काढू.

मामा : आणि डॉक्टर म्हणाले, आता काही उरलं नाही, तर?

भाची : ...

मामा : घटसर्पाच्या साथीत म्हशी पाहिल्यात मी. गळा सुजतो, जीभ बाहेर येते, घरघर लागते, आणि दिवस मावळायच्या आत गुदमरून जाते. याच्यासारखं वाईट मरण नाही, पोरी. तेव्हा माझ्या हातात भूल देऊन शांत करायचं इंजेक्शन असतं आणि मालक हो म्हणाला असता, तर मी दिलं असतं.

भाची : आपल्या गावात मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारी माणसं आहेत, मामा. शेजारच्या काकू जिमीला रोज पाणी ठेवतात. मी त्यांना काय सांगू, मीच सांगितलं टोचायला?

मामा : सांग की त्याला श्वास येत नव्हता.

भाची : मला ते जमेल असं आज वाटत नाही. कदाचित त्या रात्री जमेल. आत्ता तुमच्याकडून मला कबुलीही नको आणि माझी मागूही नका.

यावर मी काही म्हणणार नाही. दोघांनीही गुदमरणारं जनावर जवळून पाहिलेलं आहे किंवा पाहणार आहेत, आणि आपल्या हाताला काय पेलेल हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागेल. एवढं मात्र मला वाटतं, हा प्रश्न त्या रात्री नव्हे, आधी बोलायचा असतो. घरात, डॉक्टरांसमोर, कुत्रं अजून शेपूट हलवत असताना. मामांनी तो आधी काढला म्हणून मला त्यांचा आदर वाटतो.

परभणीचा दिवस ठरला. मामा स्वतः येणार, कारण सरकारी दवाखान्यात कुणाला काय विचारायचं हे त्यांना माहीत. पहाटे साडेचारला निघायचं, आठच्या आत पोचायचं, ऊन चढायच्या आत परत. आदल्या रात्री नऊनंतर खाणं नाही, पाणी मात्र ठेवायचं. गाडीत मागच्या सीटवर ओलं गोणपाट, त्यावर चादर. खिडकी अर्धी उघडी, पण डोकं बाहेर काढू द्यायचं नाही. छातीचा नवा पट्टा आधी दोन दिवस घरात घालून बघायचा. बरोबर लसीचं कार्ड, आतापर्यंत दिलेल्या सगळ्या इंजेक्शनांची आणि गोळ्यांची यादी, मोबाइलमधला व्हिडिओ आणि मामांच्या अक्षरातली वही. संक्रांतीच्या डेक्साची नोंद त्या यादीत आधी लिहायला भाचीनं सांगितलं. मामांनी ती तारखेसकट लिहिली.